शंभराला एकचा घोडा आणि त्यावरचा जॉकी: अडथळ्यांच्या घोडाशर्यतीचं गणित

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेस धावतो, हे आता आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्ण. टीव्हीवर ती शर्यत बघताना अनेकांना प्रश्न पडतो, की धावायचंच आहे तर मधे त्या आडव्या तुळया आणि पाण्याचा खड्डा कशासाठी? याचं उत्तर घोड्यांकडे आहे. माणसांनी हा खेळ घोड्यांच्या शर्यतीवरून उचललाय, आणि ती शर्यत आजही दर एप्रिलमध्ये इंग्लंडात मोठ्या गाजावाजाने होते. तिचं नाव ग्रँड नॅशनल.

आपल्या वर्तमानपत्रांत तिच्यावर चार ओळी येतात. अमुक घोडा जिंकला, भाव इतका होता, प्राणिप्रेमींनी निदर्शनं केली. आणि त्या चार ओळींत जर एखादा कमी भरवशाचा घोडा जिंकला असेल, तर हमखास एक जुना संदर्भ येतो: ‘फॉयनाव्हन’. हा १९६७ सालचा विजेता घोडा. त्याच्या पाठीवर जॉन बकिंगहॅम नावाचा एक जॉकी होता, त्याचं नाव मात्र क्वचितच येतं. मला या शर्यतीतलं जे काही समजलं ते या माणसाच्या कारकिर्दीमुळे, म्हणून तीच वाट धरतो. चँपियन जॉकींची चरित्रं वाचून या धंद्याचा अंदाज येत नाही. सचिनचं चरित्र वाचून मैदानावर रोज खपणाऱ्या रणजीपटूचं आयुष्य कळत नाही, तसंच.

मुळात ही शर्यत काय आहे?

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जी शर्यत होते ती सपाट मैदानावरची. घोडा सुटतो, हिरवळीवरून सुसाट धावतो, दोन-अडीच मिनिटांत खेळ खलास. आपली इंडियन डर्बी २,४०० मीटरची. जॉकी हलके, पन्नास-पंचावन्न किलोंचे.

उडीची शर्यत याच्या तिप्पट लांब असू शकते, आणि वाटेत अडथळे असतात. १९६७ साली ग्रँड नॅशनलचं अंतर सव्वासात किलोमीटरच्या आसपास होतं, उड्या ३०. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री नावाच्या मैदानावर ती होते (हे गावाचं नाव आहे, तिकीट काढून आत जायच्या एन्ट्रीशी संबंध नाही). तिथे १६ कुंपणं आहेत. दोन फेऱ्या मारायच्या, त्यांतली १४ कुंपणं दोनदा ओलांडायची आणि दोन एकदाच.

स्टीपल म्हणजे चर्चचा उंच निमुळता मनोरा. १७५२ साली आयर्लंडात दोघा गृहस्थांनी पैज लावली, की बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोड्यावरून आधी कोण पोचतो. त्या काळी नकाशा, रस्ता कुठला? समोरचा मनोरा बघायचा आणि नाकासमोर सुटायचं. आपल्याकडे ‘या देवळाच्या कळसापासून त्या देवळाच्या कळसापर्यंत’ असं कुणी म्हणावं तसं. मधे येईल ते कुंपण, येईल तो ओढा, येईल तो बांध ओलांडायचा. साबळेच्या वाटेतला पाण्याचा खड्डा हा त्या आयरिश ओढ्याचा खापरपणतू.

इथले जॉकी जरा वजनदार चालतात. बकिंगहॅमच्या काळी घोड्यावर कमीत कमी १० स्टोन वजन असायचं, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो. त्यात जॉकी आला, खोगीर आलं, आणि कमी पडलं तर खोगिराखाली शिशाचे तुकडे.

घोड्यावर कधी न बसलेला मुलगा

जॉन बकिंगहॅमचा जन्म १९४०चा. घरात कुणी रेसवाला नव्हता. त्याची आई इंग्लंडच्या मध्यभागात एजकोट नावाच्या इस्टेटीवर कामाला लागली. मालक एडवर्ड करेज, मद्य गाळणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातला. पोलिओमुळे त्याची चाकाची खुर्ची सुटली नव्हती, पण घोडे स्वतः पैदा करायचा आणि स्वतःच तयार करायचा. त्याची टायबेरेटा नावाची घोडी १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षं ग्रँड नॅशनलमध्ये तिसरी, दुसरी, चौथी आली होती. पंधरा वर्षांच्या जॉनला इस्टेटीवर काहीतरी काम द्यायचं होतं. त्याने तबेला पत्करला. तोवर तो घोड्यावर बसलाही नव्हता.

तबेल्यातलं काम म्हणजे पहाटे उठून लीद काढणं, खरारा करणं, वैरण घालणं आणि घोड्यांना फिरवून आणणं. त्यातून ज्याचा हात हलका आणि बूड घट्ट, त्याला हळूहळू शर्यतीत बसवतात. आपल्याकडे गवंड्याच्या हाताखाली पोरगा आधी फक्त घमेलं उचलतो आणि मग एक दिवस त्याच्या हातात थापी येते, तोच प्रकार.

नवशिक्या जॉकीला मिळणारी एक सवलत इथे समजून घ्यायला हवी, तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं. घोड्यावर ठरवून दिलेल्या वजनातून नवख्याला काही पौंड सूट मिळते. तिला ‘क्लेम’ म्हणतात. आज ब्रिटनमध्ये उडीच्या शर्यतींत नवा जॉकी वीस विजयांपर्यंत ७ पौंडांची, म्हणजे सव्वातीन किलोंची सूट घेतो. मग चाळीसपर्यंत ५ पौंड, पंचाहत्तरपर्यंत ३. त्यानंतर शून्य.

वरवर पाहता ही उदारता वाटते, पण तिच्यातच पुढची मेख आहे. ट्रेनर, म्हणजे घोडा तयार करणारा वस्ताद, नवख्या पोराला बोलावतो तो त्याच्या कौशल्यासाठी असतोच असं नाही. घोड्यावरचे तीन किलो वाचतात म्हणूनही बोलावतो. पोरगा पंचाहत्तर शर्यती जिंकून ‘पक्का’ झाला की ती सूट संपते, आणि आता त्याची तुलना थेट चँपियनशी होते. शिकाऊ कामगार अर्ध्या मजुरीत मिळतो तोवर त्याला रोज काम असतं. पूर्ण मजुरी मागायचा दिवस आला की मालक म्हणतो, सध्या काम थोडं कमी आहे. कितीतरी जॉकी याच वळणावर खेळातून गळतात.

बकिंगहॅम गळला नाही, पण वर फार चढलाही नाही. एका तबेल्याचा नेहमीचा जॉकी, बाहेरून बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नाही, अशी त्याची तऱ्हा. वयाची सव्विशी उलटली तरी ग्रँड नॅशनलमध्ये तो एकदाही उतरला नव्हता.

भाव आणि वजन: दोनच शब्द लक्षात ठेवा

ग्रँड नॅशनल ही ‘हँडिकॅप’ शर्यत आहे. ज्या घोड्याची आजवरची कामगिरी चांगली, त्याच्यावर जास्त वजन. वाईट, त्याच्यावर कमी. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये मोठ्या दादाला ‘तू डाव्या हाताने खेळ’ म्हणतात, त्यामागचाच हा न्याय. हेतू हा, की कागदावर तरी सगळ्यांना समान संधी असावी. फॉयनाव्हनवर वजन होतं १० स्टोन, म्हणजे कमीत कमी जेवढं देता येतं तेवढं. हँडिकॅपवाल्यांचं त्याच्याबद्दल काय मत होतं ते यात आलं.

दुसरा शब्द भाव. ‘शंभराला एक’ म्हणजे दहा रुपये लावले आणि घोडा जिंकला तर हजार रुपये मिळतात, शिवाय आपले दहा परत. भाव जितका मोठा तितकी घोड्याकडून आशा कमी. फॉयनाव्हनचा भाव शंभराला एक होता. ग्रँड नॅशनलच्या साधारण तीन आठवडे आधी चेल्टनहॅमच्या गोल्ड कप या दुसऱ्या मोठ्या शर्यतीत तो पाचशेला एक भावाने धावला होता आणि पार मागे राहिला होता.

गंमत म्हणजे हा घोडा कधी काळी थोरामोठ्यांच्या तबेल्यात होता. डचेस ऑफ वेस्टमिन्स्टर ही त्याची आधीची मालकीण आणि टॉम ड्रेपर ट्रेनर. आर्कल हा उडीच्या शर्यतींतला सार्वकालिक थोर घोडाही याच दोघांचा. डचेसने दोघांनाही स्कॉटलंडमधल्या डोंगरांची नावं दिली होती. एक डोंगर प्रसिद्ध झाला, दुसरा विकला गेला.

कुणालाच नको असलेली सवारी

१९६७ साली फॉयनाव्हन बर्कशरमधल्या काँप्टनच्या जॉन केम्पटन नावाच्या लहानशा ट्रेनरकडे होता. केम्पटन स्वतःही जॉकी होता. गोल्ड कपमध्ये तोच या घोड्यावर बसला होता. पण एन्ट्रीला वजन होतं १० स्टोन, आणि उंचापुऱ्या केम्पटनला एवढं खाली उतरणं शक्य नव्हतं. दुसरा जॉकी शोधायला हवा होता.

धोक्याच्या या मैदानावर बसायचं तर ठरलेल्या फीच्या वर काहीतरी हातावर ठेवायचा रिवाज होता. मालकाने वरचे पैसे द्यायला नकार दिला. विचारलेल्या जॉकींनीही नकार दिला. शेवटी शर्यतीला मोजके दिवस उरले असताना विचारणा बकिंगहॅमकडे आली, आणि तो हो म्हणाला. ग्रँड नॅशनलमध्ये एकदा तरी उतरायला मिळतंय, एवढंच त्याला पुरेसं होतं. आदल्या रात्री लिव्हरपूल माणसांनी इतकं फुललं होतं की त्याला झोपायला धड पलंगही मिळाला नाही.

८ एप्रिल १९६७ला मालक एन्ट्रीला आलाच नाही. केम्पटनही आला नाही. तो वूस्टरला दुसऱ्याच शर्यतीत घोड्यावर बसला होता, आणि ती त्याने जिंकलीही. घोड्याबरोबर एन्ट्रीला केम्पटनचे वडील आले होते. घरचं लग्न सोडून माणसं दुसरीकडे जेवायला जावीत, तसा हा प्रकार. पण त्या दिवशी त्यांचा हिशोब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. वूस्टरला जिंकायची खरी शक्यता होती.

तेवीसावं कुंपण

शर्यतीला ४४ घोडे उतरले. त्यात हॉलिवूडच्या ग्रेगरी पेकचा ‘डिफरंट क्लास’ही होता. सर्वांत कमी भावाचा, म्हणजे सर्वांत भरवशाचा, हनी एंड. त्याच्यावर जॉश गिफर्ड. त्याच हंगामात गिफर्डने १२२ शर्यती जिंकून चँपियन जॉकीचा किताब मिळवला. म्हणजे एका बाजूला देशातला पहिल्या नंबरचा जॉकी पहिल्या पसंतीच्या घोड्यावर, आणि दुसऱ्या बाजूला आपला बकिंगहॅम.

पहिल्याच कुंपणाशी पॉपहम डाउन नावाच्या घोड्याने आपला स्वार गमावला. स्वार पडला तरी घोडा थांबत नाही. घोडा कळपाचा प्राणी, बाकीचे धावतायत म्हटल्यावर तोही पाठीवर कुणी नसताना धावत राहतो. असे मोकळे घोडे ही उडीच्या शर्यतीतली खरी डोकेदुखी. लगाम धरायला कुणी नाही, त्यामुळे तो कधी कुठे वळेल याचा नेम नाही. आपल्याकडे हायवेवर समोर अचानक मोकाट जनावर आलं की चालकाचं जे होतं, तेच.

दुसऱ्या फेरीत बीचर्स ब्रुक हे बदनाम कुंपण आलं, म्हणजे बाविसावी उडी. १८३९ साली कॅप्टन बीचर नावाचा स्वार इथल्या ओढ्यात पडला म्हणून ते नाव. बीचर्स पार झालं की जॉकी सुस्कारा सोडतात, कारण पुढचं कुंपण मैदानावरच्या सर्वांत लहान कुंपणांपैकी एक, साडेचार फुटांचं. कुणी त्याचा विचारही करत नसे.

त्या लहान कुंपणाशी आघाडीवर असलेला मोकळा पॉपहम डाउन उडी मारायच्या ऐवजी आडवा वळला आणि कुंपणाला समांतर धावत सुटला. मागून भरधाव आलेले घोडे त्याच्यावर आदळले, थबकले, एकमेकांना अडले. स्वार हवेत उडून कुंपणापलीकडे पडले, काही कुंपणातच अडकले. काही घोडे उलट्या दिशेला पळाले. खंडाळ्याच्या घाटात धुक्यात एक ट्रक आडवा व्हावा आणि मागच्या गाड्या एकामागून एक आदळत जाव्यात, असं ते दृश्य होतं.

बकिंगहॅम बराच मागे होता, त्याचा घोडा मुळात हळूच. म्हणून त्याला बघायला वेळ मिळाला. त्याने घोडा बाजूला काढला, गर्दीत एक फट दिसली, आणि जवळजवळ उभ्याउभ्याच घोड्याने ते कुंपण ओलांडलं. पलीकडे उतरून त्याने पाहिलं तर पुढे कुणीच नव्हतं.

बीबीसीसाठी त्या टोकाला मायकल ओ'हेअर हा आयरिश समालोचक उभा होता. एवढ्या गोंधळात पार पडलेला घोडा कोणता, हे त्याने क्षणात ओळखलं आणि नाव सांगितलं. ऐकणाऱ्या कित्येकांनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं असणार.

‘म्हणजे निव्वळ नशीबच की!’

ही शंका इतकी नैसर्गिक आहे की तिला टाळणं बरं नाही. हो, नशीब होतंच, आणि भरपूर होतं. तो अपघात झाला नसता तर फॉयनाव्हन जिंकला असता असं म्हणणारा मला तरी कुणी भेटलेला नाही.

पण नशिबाने काय दिलं आणि काय नाही, हे वेगळं करून बघायला हवं. नशिबाने एक फट दिली. तिथून अजून सात कुंपणं बाकी होती, आणि शेवटच्या कुंपणानंतर सुमारे ४५० मीटरची दमछाक करणारी सरळ धाव. घोडा एकटा पडला की बावरतो, मंदावतो, इकडेतिकडे बघायला लागतो. कळप दिसला नाही की त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. थकलेल्या, एकट्या घोड्याला धीर देत, घाई न करता, प्रत्येक कुंपणाला नेमक्या जागी आणायचं, हे काम नशीब करत नाही. जॉकीने तिथे जोरात हाकलला असता तर घोडा शेवटच्या दोन कुंपणांत कोसळला असता. सावकाश गेला असता तर मागून गिफर्ड आलाच होता.

कारण गिफर्डने हार मानली नव्हती. त्याने हनी एंडला मागे फिरवून पुन्हा उडी मारायला लावली आणि पाठलाग सुरू केला. आणखीही बरेच जॉकी पुन्हा घोड्यावर चढून धावले. (पडल्यावर पुन्हा चढून शर्यत पुरी करायला ब्रिटनमध्ये २००९ पासून बंदी आहे, तेव्हा ते शौर्य समजलं जाई.) ४४ पैकी १८ घोडे शेवटपर्यंत पोचले. फॉयनाव्हन पहिला, पंधरा लांबींनी मागे हनी एंड, तिसरा रेड ॲलिगेटर, जो पुढच्याच वर्षी ही शर्यत जिंकला. लांबी म्हणजे एका घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचं अंतर, साधारण अडीच मीटर.

मागे असण्याचाही मुद्दा आहे. फट दिसली ती मागे राहिल्यामुळे, हे खरं. पण मागे राहिलेला तो एकटा नव्हता. त्याच गर्दीवर येऊन कित्येक जण थांबले.

आणि चार वेळा चँपियन जॉकी झालेल्या जॉश गिफर्डला स्वार म्हणून ग्रँड नॅशनल कधीच मिळाली नाही. १९८१ साली त्याने तयार केलेल्या अल्डानिटीने ती जिंकली तेव्हा तो ट्रेनर होता. या खेळात बाजू पलटते ती अशी.

शंभर की चारशे चव्वेचाळीस?

याच निकालातलं एक कोडं रेसचा गंध नसलेल्यांना नेहमी गोंधळात टाकतं. भाव शंभराला एक होता म्हणतात, मग काही लोकांना त्याच घोड्यावर ४४४ पट कसे मिळाले?

पैसे लावायच्या दोन पद्धती आहेत. एक बुकी, जो स्वतः भाव ठरवतो आणि तेवढेच पैसे देतो. दुसरी टोट. टोट आपल्या महालक्ष्मीलाही आहे. यात सगळ्यांचे पैसे एका भांड्यात जमा होतात, चालवणारे आपला हिस्सा काढून घेतात, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत वाटली जाते. भिशीत रक्कम ठरलेली असते आणि एकालाच मिळते. इथे रक्कमही आधी ठरलेली नसते आणि वाटेकरी किती तेही आधी ठाऊक नसतं. फॉयनाव्हनवर पैसे लावणारे इतके तुरळक होते की भांडं मोठं आणि हात थोडे, म्हणून एकाला ४४४. बुकीचा भाव म्हणजे त्याचा अंदाज. टोटचा आकडा म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय केलं त्याचा हिशोब. लोकांचा बुकीपेक्षाही कमी विश्वास होता, एवढाच त्याचा अर्थ.

‘मग जॉकी मालामाल झाला असेल’

नाही. बऱ्याच जणांचा इथेच गैरसमज होतो. बक्षिसाची रक्कम मुख्यतः घोड्याच्या मालकाची असते. आज ग्रँड नॅशनलचं एकूण बक्षीस दहा लाख पौंड आहे, त्यातले पाच लाख विजेत्याला. जिंकल्यास जॉकीला विजेत्याच्या रकमेतले साधारण नऊ टक्के मिळतात. एरवी प्रत्येक सवारीची ठरलेली फी, आजच्या हिशोबाने दोनशे पौंडांच्या आसपास. ऐकायला बरी वाटते. पण त्यातून एजंटचा वाटा, सामान सांभाळणाऱ्याचा वाटा, आणि रोज शे-दोनशे मैल गाडी हाकायचं पेट्रोल वजा करा. आठवड्यात दोनच सवाऱ्या मिळाल्या तर काय उरतं ते समजा. पडून हाड मोडलं तर तेवढे दिवस सवारीही नाही.

आणि पडणं ठरलेलंच. पंधरा-वीस सवाऱ्यांमागे एकदा घोड्यावरून खाली यायचं, हा या पेशाचा साधारण हिशोब. शर्यत सुरू झाली की मैदानाला लागून ॲम्ब्युलन्स धावते. कामाला लागलात की मागून ॲम्ब्युलन्स निघते असा दुसरा धंदा दाखवा, हे जॉकी मंडळींचं जुनं वाक्य आहे, आणि ते काही फार अतिशयोक्त नाही.

बकिंगहॅमच्या विजयाआधी तीन-चार वर्षं याच मैदानावर काय घडलं होतं ते बघा. डिसेंबर १९६३ मध्ये टिम ब्रुकशॉ आणि १९६४च्या ग्रँड नॅशनलमध्ये पॅडी फॅरेल, दोघेही एन्ट्रीला पडले आणि दोघांनाही अर्धांगवायू झाला. जॉकींना तेव्हा जवळजवळ कसलंच संरक्षण नव्हतं. या दोघांसाठी वर्गणी गोळा झाली आणि त्यातून १९६४ साली जखमी जॉकींसाठी कायमचा निधी उभा राहिला. तो आजही चालतो. फॉयनाव्हनची सवारी नाकारणारे जॉकी लोभी नव्हते, हे या पार्श्वभूमीवर कळतं. वरचे पैसे मागणं म्हणजे आपल्या पाठीच्या कण्याची किंमत सांगणं होतं.

आज हेल्मेट आणि अंगावरचं संरक्षक जाकीट पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं आहे. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये मायकल ओ'सलिव्हन हा २४ वर्षांचा आयरिश जॉकी थर्ल्सच्या शर्यतीत पडला आणि गेला.

आणि घोड्यांचं काय?

हा आक्षेप जुना आहे आणि रास्तही आहे. माणूस निदान स्वतःच्या इच्छेने बसतो. घोड्याला कुणी विचारत नाही. एन्ट्रीला घोडे मेले आहेत आणि याला ‘खेळाचा भाग’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. बैलगाडा शर्यतींवरून आपल्याकडे कोर्टापर्यंत जो वाद झाला, त्याची इंग्रजी बाजू म्हणजे हा वाद. तिकडेही एक पक्ष परंपरा म्हणतो, दुसरा क्रूरता.

बदल झाले आहेत. २०१३ पासून कुंपणांच्या आतला कठीण लाकडी सांगाडा जाऊन लवचिक गाभा आला. अंतर कमी होत होत सात किलोमीटरच्या खाली आलं. २०२४ पासून जास्तीत जास्त ३४ घोडे उतरतात. १९६७ साली ४४ होते हे आठवलं, तर तेवीसाव्या कुंपणाशी एवढी कोंडी का झाली याचं अर्धं उत्तर त्या आकड्यातच मिळतं. दादरच्या जिन्यावर गाडी आल्यावर काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. रुंदी तेवढीच, माणसं दुप्पट, आणि एक जण मधेच उलटा फिरला.

एवढ्याने आक्षेप संपतो का? माझ्या मते नाही. धोका कमी झाला, गेला नाही.

सोमवारपासून पुन्हा तेच

जगातली सर्वांत गाजलेली उडीची शर्यत जिंकल्यावर बकिंगहॅमचं आयुष्य बदललं असेल असं वाटतं. काही दिवस फोटो, मुलाखती, पाठीवर थापा, सगळं झालं. पण ट्रेनर घोडा देताना गेल्या आठवड्याचा हिशोब बघतो, आणि शंभराला एकच्या घोड्यावर मिळालेला विजय त्या हिशोबात ‘अपघात’ या रकान्यात जातो. मोठे तबेले त्याच्या दारात रांग लावून उभे राहिले नाहीत. तो सवाऱ्या करत राहिला, आधी करायचा तशाच.

१९७१ साली तो पुन्हा ग्रँड नॅशनलमध्ये होता, लाइमबर्नर नावाच्या घोड्यावर. या वेळी अपघाताची मदत नव्हती. दोन कुंपणं उरली तेव्हा तो आघाडीच्या घोळक्यात होता, आणि शेवटून दुसऱ्या कुंपणाशी घोडा पडला. नीट चाललेली शर्यत अशी हातातून गेली. त्याच वर्षी त्याने जॉकीपण सोडलं. वय तिशीच्या उंबरठ्यावर.

पुढे काय? ट्रेनर व्हायला भांडवल लागतं, ते नव्हतं. भाऊ टॉमला जोडीला घेऊन तो व्हॅलेट झाला. व्हॅलेट म्हणजे जॉकींचं सामान सांभाळणारा. जॉकी कपडे बदलतात आणि वजन देतात त्या खोलीत हा माणूस पहाटेपासून असतो. बूट चकचकीत करायचे, विजारी धुऊन वाळवायच्या, प्रत्येक घोड्याच्या मालकाचे रंग असलेला सदरा वेळेवर काढून द्यायचा, खोगीर तपासायचं, वजन कमी पडलं तर शिसं मोजून घालायचं. एक शर्यत संपून पुढची सुरू व्हायला अर्धा तास. तेवढ्यात चिखलाने माखलेला जॉकी पुन्हा स्वच्छ करून बाहेर पाठवायचा. संध्याकाळी सगळं गाडीत भरायचं आणि उद्याच्या गावाला निघायचं. नाटकाच्या दौऱ्यावर कपडेपट सांभाळणारा जसा पडदा उघडायच्या आधी आणि पडल्यानंतरही राबत असतो, तसं हे काम.

हे त्याने जवळपास तीस वर्षं केलं, म्हणजे घोड्यावर जितकी वर्षं घालवली त्याच्या जवळपास दुप्पट. त्या खोलीत आलेल्या पोरसवदा जॉकींपैकी कित्येकांना आपले बूट पुसणारा माणूस नॅशनल जिंकलेला आहे हे कुणीतरी सांगावं लागत असेल.

१९८४ साली एन्ट्रीच्या त्या लहान कुंपणाला अधिकृत नाव दिलं गेलं: फॉयनाव्हन. नाव घोड्याचं, कुंपणांना जॉकीचं नाव मिळायला, बीचरसारखं, आधी ओढ्यात पडावं लागतं बहुधा. बकिंगहॅम डिसेंबर २०१६ मध्ये गेला, ७६ वर्षांचा होऊन. दर एप्रिलला त्या कुंपणावरून अजूनही घोडे दोनदा जातात, सातवी आणि तेवीसावी उडी, आणि समालोचक तिथे पोचले की आवाज जरा खाली घेऊन म्हणतात, आता फॉयनाव्हन.